कधीच न उठणारा थ्रेड

"पण सर, जो थ्रेड वर्षभर एकदाही उठला नाही, तो कामाचा आहे हे ओळखायचं तरी कसं?"

केळुसकर सर पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सरांच्या हाताखाली कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा चालवणारा प्रोग्रॅम, शिकलेल्यांत शाल्मलीइतकं तल्लख कुणी नाही, असं सगळे म्हणत, आणि तिलाही ते पुरेपूर पटलेलं होतं. सलाईनमधून औषध सोडणाऱ्या यंत्राचा कर्नल आता तीच सांभाळायची. पण गेले काही दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुण्याहून तडक कुडाळला आली होती बिचारी.

"काय केलंस ते नीट सांग."

"यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर प्रोग्रॅमनं आपापला थ्रेड पाळला होता, कामाला स्वतंत्र गडी असावा तसा. नुसता पसारा. मी सगळ्यांची कामं एका सामाईक रांगेत आणली. काम आलं की लागतील तेवढे थ्रेड उभे राहतात, संपलं की जातात. कोड निम्म्यावर आला."

"चांगलं केलंस."

"एक उरला होता. कायम झोपलेला… तोही काढला."

अडकित्ता थांबला.

"मग?"

"हॉस्पिटलात यंत्राची मेमरी भरली. ती मोकळी करायचं काम रांगेत आलं. पण ते करायला नवा थ्रेड हवा, आणि नवा थ्रेड उभा करायला मेमरी हवी… यंत्र जागच्या जागी अडकलं. पंप थांबला. बेड चार गेला."

"त्याच वेळेसाठी तो आधीच उभा करून निजवून ठेवला होता. मीच लिहिला होता."

"हो. आणि कशासाठी, याची एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाहीत."

बोलून गेल्यावर तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर एवढा प्रवास तिनं याच्यासाठीच केला होता. उद्या चौकशी होती. नोकरी जाईल, नाव जाईल, ही धास्ती होती.

सरांनी अडकित्ता तबकात ठेवला.

"खरं आहे," ते म्हणाले. "दोष माझा. उद्या तसं सांग त्यांना."

आता हायसं वाटायला हवं होतं. कुठलं काय, धास्ती होती तिथेच होती.

सरांनी तबक बाजूला सारलं, खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बेड चारच्या घरच्यांना लाव. मीच बोलतो."

"नंबर नाही माझ्याकडे."

"नाव सांग. शोधू."

"कुणाचं?"

"गेलेल्याचं."



काढून टाकलेल्या एकेका थ्रेडचं नाव शाल्मलीला तोंडपाठ होतं. बेड चारवर बाई होती की पुरुष, एवढंही तिनं कुणाला विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी फोन खिशात ठेवला आणि अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

"आधी ते विचारून ये," ते म्हणाले. "दोषाचं मग बघू."