नगाऱ्याचं बारसं

एका राज्यात लढाई होती, आणि ती कशापायी सुरू झाली हे सांगणारा माणूस उरला नव्हता. राजाचं नाव उदयभान. त्याच्या आजोबांनी हरलेल्या शत्रूच्या तळघरातून तांब्याचा एक नगारा लुटून आणला, आणि लुटीबरोबर शापही आणला. नगारा बुरुजावर ठेवला, तो त्या दिवसापासून आपोआप वाजू लागला. वाजताना तो नाव घेई. ज्याचं नाव घेतलं त्याचे पाय रणाकडे वळत. मन वळो न वळो, पाय वळत.

नावं त्याला कळत कशी? कुठे बारसं झालं की आढ्यावर एक साळुंकी येऊन बसे. आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं नाव चोचीत धरून नेई आणि नगाऱ्याच्या पोटात टाकी. लोकांनी मुलांना भलभलत्या नावांनी हाका मारून पाहिल्या. उपयोग शून्य. नगारा पाळण्यातलंच नाव घेई.

मग लोक राज्य सोडून निघाले. कुणी नांगर सोडला, कुणी माग सोडला, आणि खिंडीची वाट धरली. त्यांत केसर होती. पाठीवर लेक बकुळा, शेजारी नवरा मानाजी रंगारी, आणि सगळ्यांच्या पुढे मानाजीची थोरली बहीण तुळसा, म्हणजे केसरच्या वन्सं.

केसरला वाटभर घोर. खिंडीतला वारा लेकीला बाधेल का? पलीकडच्या लोकांची बोली समजेल का? रंगाच्या कढईखालचा विस्तव विझवला होता का?

"विझवला. मीच पाणी ओतलं," वन्सं मागे न बघता म्हणाल्या. "तुझ्या काळजीचं ओझं आपल्या गाठोड्यांहून जड आहे गं बाई. जरा खाली ठेवून चाल."

सीमेचा दगड आला. पलीकडे परक्या मुलखाची कौलं दिसत होती, चुलींचा धूर दिसत होता. चौघं दगडाच्या पल्याड जाऊन टेकली. केसरनं भाकरी मोडली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या घशाखाली घास उतरला.

तेवढ्यात डोंगरापलीकडून आवाज आला. "मानाजी!"

मानाजी उठून उभा राहिला. तोंडात घास तसाच.

"अहो, कुठे निघालात?"

"मी कुठे निघालोय? पाय निघालेत."

केसरनं त्याचा हात धरला, वन्संनी दुसरा. दोघींना ओढत तो चालू लागला.

"जरा हळू तरी चाला!"

"ते माझ्या हातात असतं तर बसलोच असतो ना," मानाजी म्हणाला. मग त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "सोड, केसर. पोरगी पाठीवर आहे, पडशील. दगडाच्या आत येऊ नकोस."

तिचा हात सुटला. तो वळणाआड दिसेनासा झाला.

सीमेच्या दगडावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "घाटाची आडवाट धरा. तो रणात पोचायच्या आधी तुम्ही नगाऱ्याच्या बुरुजावर पोचाल. तिथं तीन अडसर आहेत. बोलणारं दार, न झोपणारा राक्षस आणि स्वतः नगारा. तिसरा ओलांडून कुणी आलं नाही."

"तू त्यांच्यातली. आम्हाला का सांगतेस?" वन्संनी विचारलं.

"माझ्या पिलाला पंख फुटलेत. आता त्याला चोरी शिकवायची पाळी आलीय."

अशा कामाला कुणीतरी खमकी बाई हवी होती, असं केसरला वाटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. वन्सं पदर खोचत होत्या. तेवढ्यावरच भागवायचं होतं. लेकीची झोळी घट्ट आवळून ती पुन्हा आपल्या मुलखात शिरली.

बुरुजाचं दार लोखंडाचं. ते म्हणालं, "तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग. एकही लपवलीस तर उघडणार नाही. मोठमोठे शूर आले, कशाचीच नाही म्हणाले, आणि बाहेरच राहिले."

"सगळी सांगू?" केसरनं विचारलं.

"सगळी."

केसर बोलू लागली. ताप चढण्याची, ताप उतरून पुन्हा चढण्याची. विहिरीच्या काठाची. चुलीच्या तोंडाची. शेंगदाणा घशात अडकण्याची. लेक फार रडली तर, आणि फार वेळ रडलीच नाही तर. मेव्हण्याच्या बैलाची. रात्री झोपेत तिचा श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरताना तीच जागी होईल, त्याची. आपण आई म्हणून कच्च्या आहोत आणि ते लोकांना दिसतं, त्याची.

"ते दिसतंच," वन्सं पुटपुटल्या.

"वन्संची," केसर पुढे म्हणाली.

दार कुरकुरलं. "पुरे! आता मलाही धास्ती वाटायला लागली. जा आत." आणि ते उघडलं.

जिन्यात तीन तोंडांचा राक्षस आडवा बसला होता. एक तोंड पेंगलं की दुसरं डरकाळी फोडी, पहिलं दचकून जागं होई, आणि मग तिन्ही मिळून भिंती हलवीत. डोळे लाल, गाल सुजलेले.

वन्सं मागे सरल्या. केसर मात्र पुढे झाली. असा चेहरा तिनं फार जवळून पाहिला होता.

"याला झोप आलीय आणि लागत नाहीये," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही डावं थोपटा. मी उजवं. मधलं सगळ्यात मोठ्यानं ओरडतंय म्हणजे तेच जास्त दमलंय, त्याच्याशी मी बोलते."

ती त्याच्याशी बोलली, म्हणजे नुसतं हूं हूं केलं. थोपटणं आधी जोरात, मग संथ, मग नुसता हात टेकलेला. तिन्ही माना लवल्या. वन्सं झटकन हात काढू लागल्या, तशी केसरनं डोळे वटारले, आणि एकेक बोट कसं उचलायचं ते दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच वन्संनी तिचं मुकाट्यानं ऐकलं.

वर नगारा होता. दोघी थबकल्या. एवढ्या मोठ्या आवाजाचा नगारा पाण्याच्या हंड्याएवढासुद्धा नव्हता.

खिडकीतून रण दिसत होतं. हाक लागलेल्यांची रांग उतारावरून खाली चालली होती, आणि रांगेच्या शेवटाला मानाजीचा निळ्या रंगानं माखलेला सदरा. खाली भाले उभे होते.

वन्संनी नगाऱ्यावर खलबत्त्याएवढा दगड घातला. ओरखडाही उठला नाही. कातड्याला सुरी लावली, सुरी वाकली. नगारा आपला नावं घेतच होता. "बहिर्जी! कान्हू! तुकोजी!"

"अरे, सगळ्यांची नावं घेतोस," केसर रडकुंडीला येऊन ओरडली, "तुझं काय रे?"

नगारा गप्प झाला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळानं नगारा पुन्हा वाजू लागला, पण आता चाचरत, जणू प्रश्न मनाला लागला होता.

"वन्सं," केसर हळूच म्हणाली, "याचं बारसं कुणी केलंच नाही. स्वतःचं नाव नाही म्हणून दुसऱ्यांची घेतोय."

वन्संनी क्षणभरही वेळ दवडला नाही. खांद्यावरची घोंगडी दोन खांबांना बांधली, पाळणा झाला. केसरनं नगारा उचलून आत निजवला. दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या, दगडालाच वरवंटा मानून पाळण्याच्या वरून दिला, खालून घेतला. सगळं रीतसर.

"नाव?" वन्संनी विचारलं.

लेकीच्या वेळी केसरनं नावावाचून महिना घालवला होता. आता खाली मानाजी भाल्यांशी पोचत होता. "धोंडू," ती म्हणाली.

आत्या म्हणून वन्सं वाकल्या, नगाऱ्याच्या कडेला ओठ लावले. "कुर्रर्र!" आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. केसरनं घातले.

"अगं, हळू! राक्षस आहेस का?"

"रीत आहे, वन्सं," केसर म्हणाली, आणि आणखी एक घातला.

नगारा थरारला. मग आनंदानं, बुरूज हादरेल इतक्या मोठ्यानं वाजला. "धोंडू!"

आणि ज्याचं नाव घेतलं त्याला जावंच लागलं. नगारा पाळण्यातून उडी मारून जिन्यानं गडगडत निघाला, दारातून बाहेर, उतारावरून खाली, "धोंडू! धोंडू!" करीत थेट रणात. त्याच्या पोटातली नावं वाटेवर सांडत गेली, आणि ज्याची त्याला मिळाली. दोन सैन्यांच्या मधोमध तो गरगर फिरला आणि कातडं फाटून निपचित पडला. समोरचं सैन्य चकित. मग कुणीतरी हसलं. इकडून ढकलणारं कुणी नाही म्हटल्यावर तिकडच्यांनीही भाले टेकवले.

मानाजीचा एक पाय उचललेला होता. तो त्यानं सावकाश, स्वतःच्या मर्जीनं, जिथं हवा तिथं ठेवला. आणि मटकन खाली बसला.

राजा उदयभान घोड्यावरून उतरून बुरुजाशी आला. "आमचे तिन्ही पुत्र यानं नेले. आम्हाला हे थांबवता येत नव्हतं."

"महाराज, येत नव्हतं, की विचारून पाहिलं नव्हतं?" केसरनं विचारलं. बोलून झाल्यावर शब्द परत घेता येत नव्हता, आणि घ्यावासाही वाटला नाही.

राजानं मान खाली घातली. "मागा. जे मागाल ते."

वन्संनी तिला कोपरानं ढोसलं. केसरनं फार विचार केला नाही.

"सीमेवर पहारा ठेवू नका," ती म्हणाली. "ज्यांना यायचंय ते येतील. ज्यांना यायचं नाही त्यांना भित्रे म्हणू नका. आणि उद्या पुन्हा कुणाला निघावंसं वाटलं, तर निघू द्या."

राजानं तसा हुकूम दिला. ज्यांना यायचं होतं ते आले, माग पुन्हा चालू लागले, कढया चुलीवर चढल्या. काही पलीकडेच राहिले, त्यांची तिथं घरं झाली. सणावाराला इकडची माणसं तिकडे जातात, तिकडची इकडे. बारशाला आत्या आजही कानातच नाव सांगते, पण ते आता त्या घरातच राहतं. राज्य सुखी झालं, तुम्हीही सुखी असा.