बऱ्या डोळ्यावर बॅटरी

“सगळ्यांचे डोळे आठ दिवसांत बरे झाले. मग यांचाच का नाही?”

आमच्या शेजारचे म्हातारे खांबेटे डॉक्टर विचारत होते. मी ताक द्यायला गेले होते. दवाखान्याचं दार उघडं दिसलं, म्हणून जरा टेकले.

समोर त्यांचा शिष्य श्रीनाथ. शहरातून दोन पदव्या घेऊन आलेला. त्या त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायच्या. खुर्चीवर कासमभाई रफूवाले. तीन आठवडे एक डोळा लालभडक.

“साथ आहे, सर,” श्रीनाथ म्हणाला. “अख्ख्या गावाचे डोळे आलेत, यांचेही आले. थेंब दिलेत मी.”

“डोळे आलेत... की एकच डोळा?”

श्रीनाथ हसला. “दुसराही येईल की.”

डॉक्टर उठले. कासमभाईंचा लाल डोळा त्यांनी आपल्या तळव्यानं घट्ट झाकला. आणि बॅटरीचा उजेड टाकला तो बऱ्या डोळ्यावर.

“या अल्ला!” कासमभाई कळवळले.

“कुठं दुखलं?”

“झाकलेल्यात वो, साहेब!”

...

“उजेड एका डोळ्यात गेला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात; आत सुजलेली असेल ती दुखते,” डॉक्टर म्हणाले. श्रीनाथचं हसू गेलं. त्यानं कासमभाईंना यंत्रापुढं बसवलं. बराच वेळ बघत राहिला.

“आत सूज आहे, सर. बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलंय. बाहुली... वाकडी झालीय.”

“तीन आठवडे मिळाले सुजेला,” डॉक्टर म्हणाले.

औषध बदललं. सुजेचे थेंब तासातासाला, बाहुली मोठी करायचे वेगळे.

कासमभाईंनी चिठ्ठी खिशात घातली. “सुईत दोरा ओवता येईल ना, धाकटे साहेब? दुसऱ्या डोळ्यानं मला लांबचंच तेवढं दिसतं.”

श्रीनाथनं गुरूंकडे पाहिलं. गुरू खिडकीबाहेर बघत होते.

“थोडं सुधारेल, चाचा,” तो म्हणाला. “पण... पहिल्यासारखं नाही.”

कासमभाईंनी सवयीनं दोघांना सलाम केला आणि चौकट चाचपत बाहेर पडले. मला बाई तांब्या कुठं ठेवावा तेही सुचेना.

“मी रोज तपासला तो डोळा, सर. रोज!” श्रीनाथ म्हणाला. “आता काय करू मी?”

“उद्या त्यांच्या दुकानात जा. त्यांच्यासमोर बसून सदरा रफू करून आण.”

“माझा सदरा कुठं फाटलाय, सर?”

“फाड.”