शत्रूच्या पडद्यावरचं गवत

पुण्यातल्या एका गेम कंपनीचे मालक देवचक्के यांना आपल्या बंदूकबाजीच्या गेममधल्या हिरव्यागार गवताचा भारी अभिमान. गेम पाचशेला, आणि हे गवत हवं असेल तर वर दोन हजार! कोल्हापूरच्या हेमांगीने आणि तिच्या मित्रमंडळींनी जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल असं हलकं गवत बनवलं आणि खेळाडूंना फुकट वाटलं. देवचक्के खवळले.

कंपनीच्या मेळाव्यात त्यांनी तिला स्टेजवर बोलावलं. "तुमचे हे घरगुती फेरफार मी आजपासून बंद करतोय. हिंमत असेल तर ते फुकटचं गवत काढून माझ्याशी खेळ. जिंकलीस तर राहू देईन."

हेमांगीने तिथेच आपल्या कॉम्प्युटरवरचं ते गवत काढून टाकलं.

खेळ सुरू झाला. देवचक्के कमरेएवढ्या गवतात आडवे झाले. वाऱ्यावर पातं न् पातं डुलत होतं. ते कौतुकाने बघत होते, तोच गोळी लागून गारद! दुसरीकडे जाऊन लपले, तिथेही गारद.

"लबाडी आहे ही!" ते ओरडले. "एवढ्या दाट गवतात मी दिसलोच कसा?"

हेमांगीने आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. नुसता उजाड माळ, आणि मधोमध आडवे पडलेले देवचक्के.

"सर, दोन हजारांचं गवत तुमच्या पडद्यावर आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण लपायचं असेल तर ते शत्रूच्या पडद्यावर उगवावं लागतं. म्हणून तर आम्ही आमचं सगळ्यांना वाटत होतो."

देवचक्के त्या माळाकडे बघत हळूच म्हणाले, "तुझं ते गवत परत लाव बघू."