तिंदुक व्याधाचे डोंगरप्रेम

पूर्वी दशार्ण देशात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या सीमेवरील डोंगरात रानबोकडाच्या योनीत जन्मला होता. राजा त्या डोंगराकडे कधी फिरकला नाही, त्यामुळे या कथेत त्याचे पुढे काही काम नाही. डोंगराच्या पोटात कड्यांनी वेढलेली एक घळ होती. तिथे बारमाही झरा होता, कोवळा पाला होता आणि आत शिरायला एकच अरुंद वाट होती. बोधिसत्त्वाच्या कळपातल्या शेळ्या तिथेच व्यायच्या आणि पिले तिथेच वाढायची. व्याधांना त्या घळीचा पत्ता नव्हता, म्हणून कळप टिकून होता.

पायथ्याच्या गावात तिंदुक नावाचा व्याध राहत असे. त्याचा नेम चांगला होता, पण डोंगर दिसला की त्याचे भान सुटे. बाकीचे व्याध माग काढत पुढे जात आणि हा मध्येच धुके बघत बसे. तरी मारायचे तेव्हा तो मारायचाच. आधी 'केवढे देखणे जनावर' म्हणून हळहळायचा आणि मग बाण सोडायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिंदुकाला ते जवळूनही साजरेच दिसत, आणि सगळी अडचण तिथेच होती.

एकदा सावजामागे धावता धावता तो कड्यावरच्या एका कपारीत चढला. सावज निसटले. खाली उतरायचे सोडून हा पाय लोंबकळत ठेवून दरी बघत बसला. ऊन कलल्यावर उठला, तेव्हा त्याला कळले की ज्या दगडावर पाय देऊन आपण वर आलो, तो आपल्याच वजनाने निखळून गेला आहे. मग तो ओरडू लागला.

हाका ऐकून कळप गोळा झाला. कपारीतून सुटायची वाट एकच होती, आणि ती घळीतून जात होती.

काळमुखी नावाची एक म्हातारी शेळी कळपात होती. ती म्हणाली, "राहू दे त्याला तिथेच. डोंगर आवडतो ना त्याला? बघू दे पोटभर."

"मरेल तो," बोधिसत्त्व म्हणाला.

"मरू दे. माझी लेक याच्याच बाणाने गेली."

"माहीत आहे मला."

"आणि उतरवणार कुठून? पिलांच्या अंगावरूनच ना?"

बोधिसत्त्वाने वर कपारीकडे पाहिले. तो गेला. आनंदाने गेला असे काही जण सांगतात, पण ते खरे नाही. तो वैतागून गेला, पण गेला.

बोकड समोर दिसताच तिंदुकाचा हात आधी धनुष्याकडे गेला.

"ते पाठीला लाव," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि माझे शिंग धर. मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेव. इकडेतिकडे बघू नकोस."

तिंदुकाने शिंग धरले आणि जागोजागी थांबून इकडेतिकडे बघितले. "इथून नदी काय दिसते," तो म्हणे. "पाय बघ," बोधिसत्त्व म्हणे. असे करत ते घळीत उतरले. झऱ्यावर तिरपे ऊन पडले होते आणि पिले दगडांवरून उड्या मारत होती. तिंदुकाच्या डोळ्यांत पाणी आले.

"या जागेत मी कधी बाण मारणार नाही," तो म्हणाला.

"आणि कोणाला सांगणारही नाहीस."

"छे. मी कशाला कोणाला सांगू?"

पहिला शब्द त्याने पाळला. दुसऱ्याचे काय सांगावे? त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. घरी पोचल्यावर त्याने बायकोला सांगितले आणि मग मेहुण्याला, कोरंडाला. शेळ्यांचे नावही काढले नाही. झरा, ऊन आणि कोवळा पाला एवढेच सांगितले. पण कोरंडही व्याधच होता. बारमाही पाणी आणि कोवळा पाला म्हटल्यावर तिथे काय असणार, हे त्याला वेगळे सांगायची गरज नव्हती.

"भाऊजी, आम्हालाही एकदा दाखवा की," कोरंड म्हणाला.

आपल्या आवडीची जागा दुसऱ्यालाही बघावीशी वाटते, याचा तिंदुकाला इतका आनंद झाला की कोरंड चार सोबती घेऊन आला आणि सगळ्यांच्या खांद्याला धनुष्ये होती, हे त्याला खटकलेच नाही. व्याध धनुष्याशिवाय जातो कुठे?

वाटेत प्रत्येक वळणावर त्याने मंडळींना थांबवले आणि हात लांब करून एकेक सुळका दाखवला. त्याचा आवाज घळीत कितीतरी आधी पोचला.

काळमुखीने तो आवाज ओळखला. ती पिलांना गोळा करू लागली.

"पिलांना घेऊन मागच्या कड्याने वर जा," बोधिसत्त्व म्हणाला. पिलांचे पाय अजून कच्चे होते. त्यांना वर जायला वेळ लागणार होता, आणि तो वेळ कुठून तरी आणायला हवा होता. बोधिसत्त्व अरुंद वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. वाट एका माणसापुरतीच होती. पुढे तिंदुक होता आणि त्याच्या आडून कोरंडाला नेम धरता येईना.

"तिंदुका," बोधिसत्त्व म्हणाला, "इथून दरी कशी दिसते, ते यांना सांगितलेस का?"

नव्हते सांगितले. तिंदुक सांगू लागला. दरी सांगितली, तिच्यातले ढग सांगितले, पावसाळ्यात ती कशी असेल तेही सांगितले. "भाऊजी, सरका," असे कोरंड मागून म्हणत राहिला, पण तिंदुकाला ते ऐकू आले नाही. शेवटचे पिलू वर चढल्याचे पाहून बोधिसत्त्वानेही कड्यावर उडी घेतली.

व्याध घळीत शिरले. झरा होता, पाला होता, ऊनही पडले होते. कोरंड रिकामे दगड बघून चिडला. तिंदुक बराच वेळ बघत राहिला आणि मग मटकन खाली बसला.

"परत या," तो वर बघून म्हणाला. "आता खरेच कोणाला सांगणार नाही."

"सांगशील," वरून बोधिसत्त्व म्हणाला. "वैऱ्यापासून आम्हाला पळता येते, बाबा. तुझे प्रेम आम्हाला परवडत नाही. म्हणून आम्ही कुठे जातो, ते तुला सांगणार नाही."

काळमुखीने मान हलवली आणि ती चालू लागली. बोधिसत्त्वही वळला, पण जाता जाता थांबला.

"पुन्हा कड्यावर अडकलास, तर हाक मार," तो म्हणाला. "ऐकू आली तर येईन."

इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा तिंदुक आज आपल्यात बसला आहे. ध्यानासाठी त्याला डोंगरातली एक गुहा नेमून दिली होती. तिथे किती एकांत आहे, हे त्याने इतक्या जणांना सांगितले की आता तिथे बसायला जागा उरली नाही. त्याचे ऐकून आधी जाऊन बसला तो कोरंड. याला गुहा देऊ नका, असे जिने मला बजावले ती थेरी, आपली ज्येष्ठ भिक्खुणी, म्हणजे काळमुखी. आणि तो बोकड मी होतो."

त्या भिक्खूने मान खाली घातली. शास्त्यांनी त्याला दुसरी गुहा नेमून दिली. या सोसून क्षमा करण्यालाच क्षांती म्हणतात.