माळावरचा उंटकटारा

माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात एक तापट पाटील होता. एके दिवशी त्याच्या घोड्याच्या पायात उंटकटाऱ्याचा काटा मोडला. पाटील इतका भडकला, की त्याने सगळा माळच पेटवायचं ठरवलं.

गावात ठकूबाई नावाची एक मेंढपाळ बाई होती. ती धावत आली. "पाटील, या उंटकटाऱ्याची मुळी उगाळून आम्ही जखमेला लावतो. जखम चिघळत नाही, पू धरत नाही. एक कोपरा तरी ठेवा."

"काट्यांची बाजू घेऊ नकोस," पाटील म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने चूड लावली. माळावरचा उंटकटारा मुळांसकट जळाला.

पावसाळ्यात चिखलाने मेंढ्यांची खुरं सडू लागली. ठकूबाईकडची मुळी संपत आली. अर्धा कळप तिच्या डोळ्यांदेखत गेला. ती पाटलाच्या दारात जाऊन तडातडा बोलली. पाटलाने दार लावून घेतलं.

पुढे गवत कापताना पाटलाच्या मुलीच्या हाताला विळा लागला. जखम चिघळली, हात सुजला, पोर तापाने फणफणली. तेव्हा पाटील ठकूबाईच्या झोपडीसमोर येऊन उभा राहिला.

"मुळी असेल तर दे."

"शेवटची आहे. माझा मेंढा पडून आहे, त्याच्यासाठी ठेवलीय," ठकूबाई म्हणाली. "माझ्या मेंढ्या मरत होत्या तेव्हा तुम्ही दार लावलंत. आज मी लावू?"

ठकूबाईचा राग गेला नव्हता. तरी ती उठली, मुळी घेतली आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या घरी गेली. जखम धुऊन ती रोज लेप लावत राहिली. पोरीचा हात वाचला.

पाटलाने तिच्यापुढे नवं लुगडं धरलं. "झालं गेलं विसर."

"नाही विसरणार. माझा मेंढा काल मेला. पोरीचा काही दोष नव्हता म्हणून आले, तुमच्यासाठी नाही. लुगडं नको. माळ होता तसा करून द्या."

पाटील लांबच्या माळावर गेला आणि उंटकटाऱ्याची काटेरी बोंडं घेऊन आला. ती फोडून जाळलेल्या माळावर बी पेरताना त्याची बोटं रक्ताळली. ठकूबाई बघायला आली. तिने मदत केली नाही, माफही केलं नाही. बी टाकायचं कुठे राहिलंय, तेवढं ती बोटाने दाखवत राहिली.

तात्पर्य एवढंच: रागाच्या भरात जाळलेलं ‘विसर’ म्हटल्याने परत येत नाही; ते आपल्याच हातांनी पुन्हा पेरावं लागतं.