खालच्या आळीचं आसन

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. नगर फार मोठं नव्हतं, अगदी लहानही नव्हतं. त्यात सात आळ्या होत्या आणि कारभार पाहायला एक नगरसभा होती. सभेत आसनं मात्र सहाच. ओढ्याकाठच्या खालच्या आळीला आसन नव्हतं.

"त्यांना कशाला आसन?" वरच्या आळ्यांतले लोक म्हणत. "तिथे कावळा बसला तरी भांडण उठतं."

खालच्या आळीने वीस वर्षं विनवण्या केल्या. कधी हातापाया पडली, कधी सभेच्या दारात धरणं धरून बसली. शेवटी एकदाचं सातवं आसन मिळालं. पण त्यावर बसवायचं कुणाला?

आता बघा हं, शहाणी माणसं कशी चुकतात. भांडायला तरबेज अशी माणसं आळीत खंडीभर होती. भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशीच्या तोंडाला लागायला तर वरच्या आळीतले शेटजीही धजत नसत. पण आसन मिळालं आणि आळीला आपल्या आवाजाची लाज वाटू लागली.

"आपलं नाव आधीच खराब आहे," जाणती मंडळी म्हणाली. "कुणीतरी शालीन पाठवू. शिकलेलं."

म्हणून त्यांनी विणकराच्या सुनेला निवडलं. तिला लिहिता-वाचता येत होतं, कडेवर दीड वर्षाची लेक होती आणि तिचा आवाज आजवर शेजारच्या घरातसुद्धा ऐकू गेला नव्हता.

"मामंजी, मला जमेल का?" तिने सासऱ्यांना विचारलं. लेकीला दोन घास कमी झाले की जास्त, यावर ती अर्धा दिवस विचार करत बसे. ती नगराचं काय ठरवणार?

"तुला नाही तर कुणाला जमणार, सूनबाई?" सासरे म्हणाले.

मावशी दारातून जाता जाता थांबली. "पोरी, तिथं गोड बोलणारे सहा बसलेत. आम्हाला सातवी कडू हवी होती. बघ बाई आता."

सभेचा एक रिवाज होता. विषय निघाला की पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडत. वाटीच्या बुडाला बारीक भोक असे. वाटी भरून बुडेपर्यंत ज्याला बोलायचं त्याने बोलावं. तोवर जो गप्प राहील त्याचं 'हो' धरायचं.

पहिल्याच सभेचा विषय आधीच कळला होता: रंगाऱ्यांची कुंडं. कुंडांतलं घाण पाणी लांब माळावर चर खणून न्यायचं, की जवळच्या ओढ्यात सोडायचं? खालची आळी त्या ओढ्याचं पाणी पीत होती. सुनेला एवढंच सांगायचं होतं: आम्ही ते पाणी पितो. चार शब्द. चुलीपुढे आणि पाळण्यापाशी तिने ते शंभरदा म्हणून पाहिले होते.

ती आत गेली तसे सहाही जण उठून उभे राहिले. तिला मऊ गादी दिली, ताक दिलं. नगरशेटांनी लेकीची चौकशी केली. "दात येताहेत का? मग रात्री रडत असेल. वावडिंगाचं पाणी देऊन पाहा, बाई." तिला भरून आलं. वीस वर्षं ज्यांना शिव्या दिल्या, ती माणसं अशी होती तर.

'पाणी ओढ्यात सोडावं' असा विषय मांडला आणि वाटी पाण्यात सोडली.

एक गृहस्थ माळावरच्या खडकाबद्दल बोलू लागले. त्यांचं संपू दे, तिने ठरवलं. मग दुसरे बोलले. मध्येच तोंड घालणं बरं दिसेल का? आणि एवढी जाणती माणसं, त्यांना ठाऊक नसेल होय, ओढ्याचं पाणी कोण पितं? आपलंच काही समजायचं राहिलं असेल. ताक प्यायल्यावर लगेच विरोध करायचा म्हणजे... तिने पदर सावरला, घसा खाकरला. वाटी बुडाली.

"सातही आळ्यांची संमती," कारकुनाने लिहिलं.

घरी आल्यावर मावशीने विचारलं, "पाण्याचं बोललीस?"

"माणसं फार चांगली आहेत हो, मावशी. पुढच्या सभेत बोलते."

पुढची सभा तीन महिन्यांनी होती.

पंधरवड्यात ओढा तांबडा झाला, मग निळा. बायका पाणी फडक्याने गाळत, उकळत. रंग जाई, कडवटपणा जात नसे. आधी आळीतली पोरं आजारी पडली, मग म्हातारे. तिची लेक काडीसारखी झाली, पण वाचली. शेजारणीचा मुलगा वाचला नाही. शेजारीण तिला एका शब्दाने बोलली नाही. पाणवठ्यावर तिला पाहिलं की ती फक्त घागर उचलून लांब जाऊन बसे. ज्या आळीत कावळ्यावरून भांडण उठे, तिथे कुणी तिच्याशी भांडेनासं झालं.

तीन महिन्यांनी ती सभेत ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली.

नगरशेट रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे चोपडी उघडली. "बाई, हे तुमच्यासमोर ठरलंय. पूर्वी तुमची आळी म्हणायची, आम्हाला कुणी विचारलं नाही. ते खरंही होतं, आमची मान खाली जायची. आता तसं म्हणता येणार नाही. ओढ्यापर्यंतचा पाट खणून झाला, माणसांना कामं मिळाली. आता तो फिरवायचा तर बाकीच्या सहा आळ्यांनीही 'नाही' म्हणायला हवं. विषय मांडतो: पाट आहे तिथेच राहावा."

वाटी सोडली. ती एकटी बोलत राहिली. बाकीचे सहा, तिच्यासारखेच शालीनपणे, वाटी बुडण्याची वाट पाहत राहिले. या वेळी विरोधात एक मत पडलं. पाट होता तिथेच राहिला.

वर्षभरात खालची आळी उठली. कुणी डोंगरापलीकडे गेलं, कुणी वरच्या आळ्यांत धुणीभांडी करू लागलं. जाताना मावशीने सुनेच्या लेकीच्या हातावर एक गाजर ठेवलं आणि सुनेला म्हणाली, "तुझा एकटीचा दोष नाही गं. आम्हीच गप्प राहणारी निवडली."

 लेकीला कडेवर घेऊन सून शेवटच्या बैलगाडीमागून चालू लागली. पुढच्या सभेत नगरशेटांनी विषय काढला, की माणसंच नाहीत तर सातवं आसन काढून टाकावं. आणि त्यावर कुणालाच काही बोलायचं नव्हतं.

बोध एवढाच: नसलेल्या आसनाबद्दल निदान तक्रार करता येते, पण आपल्या आसनावर जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याखाली सगळ्या आळीची सही होते.