पायरीवरचा काळा ठसा

एका नदीकाठच्या नगरात एक राजा होता आणि त्याच्यापुढे ‘नाही’ म्हणण्याची कोणाची छाती होत नसे. राजा दुष्ट नव्हता. देवधर्म करी, याचकाला विन्मुख पाठवीत नसे. पण मनाविरुद्ध शब्द कानी पडला की त्याचे बोट हातातल्या अंगठीवर फिरू लागे आणि ते थांबेपर्यंत बोलणाऱ्याचे घर त्या नगरातून उठलेले असे. त्यामुळे दरबारात लोक राजाच्या मुखाकडे न पाहता त्याच्या बोटाकडे पाहून बोलत.

राजवाड्यासमोर विष्णूचे मंदिर होते आणि मंदिरापुढे हरळीची विस्तीर्ण हिरवळ. ती राजाच्या आजोबांनी लावली होती. तिला रोज पाणी मिळे, वेळच्या वेळी कापणी होई. परंतु हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर मेलेल्या काड्यांचा थर वर्षानुवर्षे साचत गेला होता. माळी त्या थराला गादी म्हणत. गादी जाड झाली की पाणी मातीपर्यंत पोहोचत नाही, मुळांना वारा लागत नाही आणि वरून टवटवीत दिसणारे गवत आतून गुदमरत राहते.

पुष्कळ वर्षांनी राजाला मुलगा झाला. अक्षय्य तृतीयेला बाळाचे पाय पहिल्यांदा भूमीला लावायचे, तेही देवासमोरच्या त्या हिरवळीवर, असा राणीचा नवस होता. राजा एके सकाळी तिथे अनवाणी चालून पाहू लागला. पाय मऊ रुतला, पण खालून काड्या टोचल्या आणि कुबट वास आला. त्याने आज्ञा केली की तृतीयेपूर्वी सगळी गादी निघाली पाहिजे. किती माणसे, कोणती अवजारे आणि किती काळ लागेल, ते माळ्यांच्या प्रमुखाने येऊन सांगावे.

त्या माळ्यांच्या कुळात एक रीत होती. कामाचा अदमास सांगण्यापूर्वी माळी हिरवळीवर गुडघे टेकी. उन्हातला, सावलीतला आणि पाटाजवळचा असे गवताचे लहान चौकोन विळ्याने उचलून तो त्या गादीत अंगठा घाली. नखच बुडाले तर साधे दंताळे पुरे. पेर बुडाले तर पात्यांसारख्या धारदार दातांची दंताळी हवीत, गादी उभी आणि आडवी दोनदा चिरायला हवी, काढलेला कचरा वाहून न्यायला गाड्या हव्यात आणि शेवटी जमिनीला विसावा हवा. मग तोच मातीचा अंगठा मंदिराच्या पायरीवर उमटवून माळी आपला शब्द देई. मी मातीला विचारून आलो आहे, हे देवाला सांगण्याची ती खूण होती.

प्रमुख माळी होता विसाजी. त्याने रीतीप्रमाणे मातीला विचारले, पायरीवर अंगठा उमटवला आणि दरबारात येऊन नम्रपणे सांगितले की हे काम तृतीयेपूर्वी होणार नाही. नवी दंताळी घडवायला हवीत आणि गादी पावसाळा लागल्यावर, गवत वाढीला लागले की मगच काढायला हवी. या उन्हात मुळे उघडी पडली तर हिरवळच मरेल. राजाचे बोट अंगठीवर फिरू लागले. दिवस मावळण्यापूर्वी विसाजीची बैलगाडी नदीपार गेली आणि त्याच्या घराला कुलूप लागले.

आता उत्तर देण्याची पाळी आली त्याच्या पुतण्यावर. त्याचे नाव हैबती. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे विसाजीकाकाने त्याला वाढवले होते, कामही त्यानेच शिकवले होते. दरबारात येताना वाटेवर हैबतीला काकाच्या दाराचे कुलूप दिसले. राजाने प्रश्न विचारला तेव्हा त्याला समोर ना हिरवळ दिसली, ना दंताळे. त्याला दिसले ते राजाचे बोट. ते अंगठीपाशी येऊन टेकले होते.

“महाराज, तृतीयेपूर्वी होईल,” हैबती म्हणाला. “आहेत ती माणसे आणि आहेत ती दंताळी पुरतील.”

बोट अंगठीवरून दूर झाले. राजाने त्याला पायरीवर अंगठा उमटवायला सांगितले.

हैबती निघाला खरा, पण हिरवळीवर गुडघे टेकण्याचे त्याला धैर्य होईना. वाड्याच्या सज्जातून राजा पाहत होता. अंगठा खोल गेला तर चेहरा फिकट पडेल आणि राजाला कळेल, एवढीच एक चिंता त्याच्या मनात होती. मंदिराच्या वाटेवर तुळशीवृंदावन होते आणि त्याला नुकतेच पाणी घातले होते. हैबतीने वृंदावनाच्या आडून त्यातली चिमूटभर माती अंगठ्याला लावली आणि पायरीवर ठसा उमटवला.

गाभाऱ्यातून वृद्ध पुजारी अनंतभट बाहेर येत होते. त्यांनी ठशाकडे पाहिले, मग हैबतीकडे. “बाबा रे, हिरवळीची माती तांबडी आहे. ही काळी कुठली?” असे हळूच विचारून ते आपल्या कामाला गेले. हैबतीने अंगठा धोतराला पुसला. पण त्या क्षणापासून त्याची झोप उडाली.

काम सुरू झाले. उन्हाच्या बाजूला गादी पातळ होती. ती दंताळ्यांनी सहज निघाली आणि देवाने आपली लाज राखली असे हैबतीला वाटू लागले. मग माणसे मंदिराच्या भिंतीकडे, सावलीच्या बाजूला वळली. तिथे दंताळ्यांचे दात वाकू लागले. जोर लावावा तर कुठे मुळासकट गवत उपटून येई, कुठे नुसता ओरखडा उठे. निघालेल्या कचऱ्याचे ढीग न्यायला गाड्या सांगितलेल्याच नव्हत्या, म्हणून ते साफ केलेल्या भागावर पसरू लागले. लोहाराने नवी दंताळी द्यायला तृतीयेनंतरची पौर्णिमा सांगितली.

“हैबतीदादा,” बहिर्जी नावाचा गडी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “ही राजाच्या आजोबांची गोधडी दिसते. उसवायची तर सुईच वेगळी लागेल.”

गडी हसले. हैबतीला हसू आले नाही.

तृतीया जवळ येत चालली. हैबतीला अन्न गोड लागेना. रोज मंदिरात जाताना तो ठसा डोळ्यांपुढे येई आणि दिवसेंदिवस अधिकच काळा वाटे. देवापुढे बसून तो नारायण नारायण म्हणे, पण कान मागच्या पावलांकडे लागलेले असत. मंदिरात कोणी घंटा वाजवली तरी तो दचके. त्याची पत्नी सगुणा हे सारे पाहत होती. एकदा ती एवढेच म्हणाली, “हाक देवाला मारता आणि भिता मात्र राजाला. मग देवाने ओ द्यावी तरी कशी?”

शेवटी राजाचा कारभारी त्याच्याकडे आला. काम अडले तर कारभाऱ्याच्या दारालाही कुलूप लागणार होते. त्याने युक्ती सुचवली. सावलीचा भाग नुसता वरवर विंचरावा, ढीग भिंतीमागे टाकावेत आणि भरपूर पाणी द्यावे, म्हणजे एका दिवसापुरती पाती हिरवीगार दिसतील. आत बोट घालून कोण पाहतो, असे तो म्हणाला. हैबतीने मान डोलावली. एकदा खोटा अंगठा उमटवला होता. आता त्याला जपण्यासाठी संपूर्ण हात खोटा करावा लागत होता.

तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी सारे भिंतीकडेची हिरवळ वरवर विंचरत होते. राणीने बाळाला ऊन लागू नये म्हणून नेमकी हीच जागा निवडली होती आणि तिथे रांगोळीची रेघही ओढून झाली होती. एवढ्यात बहिर्जीच्या दंताळ्याला काही अडकले. त्याने ओढले तेव्हा पांढुरके, पातळ, लांबच लांब असे काही बाहेर आले. बहिर्जी दोन पावले मागे सरला.

“दादा, जनावराची कात आहे,” तो म्हणाला. “ओली आहे अजून.”

सगळे गडी बाजूला झाले. हैबती मात्र जिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा विळ्याने गवताचा चौकोन उचलला आणि गादीत अंगठा घातला. नख बुडाले, पेर बुडाले, अंगठा मुळापर्यंत गेला. त्याखाली तांबडी माती लागली आणि मातीच्या कडेला पोकळी. त्या पोकळीतून गार झुळूक अंगठ्याला लागली. भिंतीतल्या बिळाच्या तोंडावर ही गादी पांघरुणासारखी पडली होती. हैबतीने हात ओढून घेतला. बाळाचे दोन्ही पाय जिथे टेकायचे ती रेघ त्याच्या गुडघ्यापासून वीतभरही दूर नव्हती.

कारभारी कानाशी लागला. कात कुठेही सापडते, बिळात दगड बसवू, हा एक दिवस निभावून नेऊ, असे तो सांगत राहिला. हैबती ऐकत होता, पण त्याच्या अंतरात काही उलटले होते. आजवर त्याला वाटे, भीती म्हणजे ते राजाचे बोट. आता त्याला बाळाचे पाय दिसू लागले आणि ती जुनी भीती या नव्या भीतीपुढे लहान झाली. आपण अंगठा कोणापुढे उमटवला होता, हेही त्याला आठवले.

तो उठून पायरीपाशी गेला. काळ्या ठशाशेजारी त्याने तांबडा ठसा उमटवला आणि तसाच वाड्यात गेला.

राजा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. हैबतीने दुरूनच जमिनीला डोके टेकले.

“महाराज, मी खोटा अंगठा उमटवला. मातीला विचारलेच नाही. सावलीकडची गादी तशीच आहे आणि तिच्याखाली सापाचे बीळ आहे. उद्या बाळराजांना तिथे ठेवू नका.”

राजाचे बोट अंगठीकडे जाण्यासाठी हलले. पण ते जाऊ शकले नाही. बाळाने ते आपल्या मुठीत धरले होते.

राजाने त्या मुठीकडे पाहिले. मग त्याने विचारले, “विसाजी माझ्यापुढे खरे बोलला, ते तू ऐकले होतेस. त्यातून काय शिकलास?”

“भ्यायला शिकलो, महाराज.”

राजाने बाळाला राणीच्या हाती दिले आणि तो हिरवळीवर आला. बिळापासून दूर, पण त्याच सावलीत, त्याने हैबतीकडून एक चौकोन उचलवून घेतला आणि स्वतः गुडघे टेकून गादीत अंगठा घातला. अंगठा आत गेला. राजा उठला आणि पायरीपाशी येऊन दोन्ही ठशांपुढे उभा राहिला. वृंदावनाला रोज पाणी घालणाऱ्या अनंतभटांनी काळी माती तिथलीच, हे ओळखून सांगितले. राजाला राग येईल या भयाने हैबती डोळे मिटून उभा होता.

“या काळ्या ठशात अर्धा अंगठा माझा आहे,” राजा म्हणाला.

तृतीयेला बाळाचे पाय मंदिराच्या दगडी पायरीला लावले गेले आणि देवाने तो नवस गोड मानून घेतला. नदीपलीकडून विसाजीला सन्मानाने आणले आणि त्याच्या दाराचे कुलूप निघाले. हैबतीचे प्रमुखपण मात्र गेले. काकाच्या हाताखाली त्याने दंताळे धरले आणि त्याविषयी कधी तक्रार केली नाही. पाऊस मुरल्यावर, नवी दंताळी आणि गाड्या सिद्ध करून, विसाजीने कडेकडेने गादी उचलली. जनावर भिंतीपलीकडच्या बांबूच्या बेटात निघून गेले. राजाने उघडी पडलेली जमीन आणि गवताचे पिवळे खुंट पाहिले. हिरवळ मेली का, असे त्याने विचारले. विसाजी म्हणाला, “थांबा, महाराज.” आणि राजा थांबला.

कोंब उगवून दाट होईपर्यंत बाळ चालू लागले होते. त्या हिरवळीवर ते आपल्याच पायांनी गेले.

पुजाऱ्यांनी पायरी धुवायला घेतली तेव्हा राजाने तो काळा ठसा तसाच राखायला सांगितला. पुढे जो कोणी दरबारात कामाचा अदमास सांगायला येई, तो आधी त्या पायरीवरून येई. आणि राजाही तो अदमास ऐकण्यापूर्वी हातातली अंगठी काढून ठेवी.

तात्पर्य: भयाने दिलेला शब्द ऐकणाऱ्याच्या रागाकडे पाहतो, कामाच्या खोलीकडे पाहत नाही; म्हणून शब्द देणाऱ्याने आधी आत हात घालून पाहावे आणि शब्द घेणाऱ्याने खरे ऐकण्याइतके सौम्य व्हावे, नाहीतर दोघांच्या दोषाचा विषार तिसऱ्याच निष्पाप जिवाच्या पायाशी येऊन बसतो.